पाऊस सुरू झाला की बाहेरच्या दिव्यांमुळे आरसीसीबी पडतो: गळती शोधायची कशी, दिवे पुन्हा बसवायचे कसे

कोकणातल्या घरांची ही दरवर्षीची तक्रार. मे महिन्यात फाटकावरचे, खळ्यातले, विहिरीच्या वाटेवरचे दिवे नीट लागतात. मृगाचे पहिले पाऊस होऊन जमीन भिजली की संध्याकाळी बाहेरचं बटण दाबताच आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, खाली पडतो (बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात) आणि अख्खं घर काळोखात. ‘पावस इलो काय लाइट जाता’ हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की अनेक घरांत पावसाळाभर बाहेरचे दिवे लावणंच सोडून देतात. दिव्याची खरी गरज असते ती नेमकी याच दिवसांत. वाटेवर गवत वाढलेलं असतं, फुरसं किंवा घोणस पायाखाली येण्याची भीती असते, गोठ्याकडे जायचंच असतं.

वायरमनला बोलावलं तर तो येईपर्यंत उघडीप झालेली असते. दिवे लागतात, काही सापडत नाही, दोन-तीन जोडांवर नवी चिकटपट्टी गुंडाळून तो जातो. पुढच्या सरीला पुन्हा तेच. मग चतुर्थीला मुंबईची माणसं येतात, बाहेरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि आरती चालू असताना घर बंद पडतं.

हा बिघाड शोधता येतो. त्यासाठी थोडी शिस्त लागते आणि बघण्याची पद्धत बदलावी लागते. पाणी आत शिरूच नये एवढ्याच विचाराने बसवलेले दिवे कोकणात टिकत नाहीत. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पाणी कुठून ना कुठून शिरणारच. ते बाहेर कसं पडेल, आणि पडलं नाही तरी जोडापर्यंत कसं पोचणार नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आधी दोन गोष्टी, ज्या अजिबात करायच्या नाहीत

पहिली, आरसीसीबी बायपास करणं. दुसरी तितकीच घातक आणि जास्त प्रचलित: दिव्याला आलेली अर्थिंगची हिरवी वायर सोडून देणं. ती सोडली की आरसीसीबी पडायचा थांबतो, म्हणून काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण गळती थांबलेली नसते, तिची जमिनीत जायची वाट तेवढी बंद झालेली असते. आता दिव्याचा लोखंडी खांब फेजला येऊन उभा राहतो आणि अनवाणी, ओल्या पायाने त्याला हात लावणारा माणूस ती वाट पूर्ण करतो. खळ्यात मुलं खेळतात, गुरं खांबाला अंग घासतात. कोणी सुचवलं तरी ही वायर कापू देऊ नका.

आरसीसीबी काय करतो ते एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. फेजमधून जितका प्रवाह बाहेर गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत ताडून पाहतो. कमी परत आला तर उरलेला कुठेतरी जमिनीत गेला, म्हणजे गळती. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. मानकाप्रमाणे त्याने १५ मिलिअँपिअरपर्यंत पडू नये आणि ३० ला पडलंच पाहिजे. मधल्या कुठल्याही आकड्याला तो पडू शकतो. ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत, पाचपट गळती असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत.

एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट झाला की वीज तोडणारा स्विच) हे काम करू शकत नाही, आणि कातळावरच्या घरात तर मुळीच नाही. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही, उन्हाळ्यात ती जागा कोरडी पडते. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध १०० ओहम आहे. फेज थेट खांबाला चिकटली तरी प्रवाह वाहील २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि खांब तासन्‌तास जिवंत राहील. तोच प्रवाह आरसीसीबीला मात्र क्षणात पाडतो. म्हणून पडणाऱ्या आरसीसीबीवर चिडू नका, तो पडतोय हे तुमचं भाग्य आहे.

केव्हा पडतो ते आधी लिहून काढा

बोर्ड उघडण्याआधी चार-आठ दिवस डीबीशेजारी (घराच्या मुख्य वीज-बोर्डाशेजारी) एक कागद चिकटवा. आरसीसीबी पडला की वेळ, पाऊस होता की नव्हता, त्या क्षणी घरात काय चालू होतं, बाहेरचं बटण चालू होतं की बंद, एवढं लिहा. अर्धा बिघाड याच कागदावर सापडतो.

बटण दाबताक्षणी पडत असेल तर फेजच्या बाजूला कुठेतरी ठळक गळती आहे: पाणी भरलेला जोड, भिजलेला ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारी डबी), खांबाच्या धारेला घासून सोललेली वायर. हा प्रकार शोधायला सर्वांत सोपा.

दिवे लागतात, अर्ध्या-पाऊण तासाने आरसीसीबी पडतो आणि तेही जोराची सर आली की, असं असेल तर दिव्याच्या आतच बघा. एलईडी पेटला की आतली हवा तापते, फुगते आणि सीलमधून थोडी बाहेर जाते. वरून गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि ती पोकळी भरायला दिवा बाहेरून ओढून घेतो. बाहेर तर पाणीच असतं. गॅस्केट (झाकणाखालची रबरी पट्टी) ठीक दिसत असलं तरी वायरीच्या तांब्याच्या तारांमधल्या फटींतून पाणी आत चढतं. वायरीचं दुसरं टोक ओल्या पाइपात उघडं असेल तर दिव्याच्या काचेत पाणी साचलेलं दिसेल आणि ते आलं कुठून याचा उलगडा होणार नाही.

आता सर्वांत फसवा प्रकार. बाहेरचं बटण बंद आहे, तरी आरसीसीबी पडतो. कधी मिक्सर लावला की, कधी गीझर, कधी इस्त्री. मग मिक्सर दुरुस्तीला जातो. दोष मिक्सरचा नसतो. बाहेरच्या वायरिंगचा न्यूट्रल कुठेतरी ओल्या जमिनीला किंवा अर्थिंगच्या वायरीला टेकलेला असतो. बटण फक्त फेज तोडतं, एकपदरी (सिंगल पोल) एमसीबीसुद्धा फक्त फेजच तोडतो. न्यूट्रल कायम जोडलेलाच. घरात कुठलंही जड उपकरण चाललं की त्याचा परतीचा प्रवाह न्यूट्रल लिंकवर (डीबीतल्या, सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवर) येतो आणि त्यातला थोडा बाहेरच्या टेकलेल्या न्यूट्रलमधून जमिनीत निसटतो. तेवढा फरक आरसीसीबीला पुरतो. ‘दिवे तर बंद होते’ म्हणून बाहेरच्या वायरिंगला कधी सोडून देऊ नका.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आठ दिवे आहेत, त्यातला कुठलाही एक काढला की बाकीचे चालतात. कुठलाही म्हणजे कुठलाही. अशा वेळी एकच गुन्हेगार शोधत बसू नका. प्रत्येक दिवा ३ मिलिअँपिअर गळत असेल तर आठांची बेरीज २४ होते. तुमचा आरसीसीबी समजा २२ ला पडतो, तर कुठलाही एक काढला की २१ वर तो टिकणारच. इथे सगळेच दिवे भिजलेत आणि सगळ्यांचंच काम करायचं आहे.

विजांच्या कडकडाटात एखादेवेळी पडला आणि उचलल्यावर टिकला तर ती गळती नव्हे. वळवाच्या पावसात असं होतं. डीबीत सर्ज प्रोटेक्शन (एसपीडी) नसेल तर ते बसवून घ्या. त्याने ड्रायव्हरही वाचतात.

भाग पाडत जायचं

पुढचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. काय करायचं हे तुम्हाला ठाऊक असेल तर तोही चिकटपट्टीवर भागवणार नाही. काम पाऊस थांबल्याबरोबर करायचं, सगळं ओलं असताना. चार दिवस ऊन पडल्यावर मोजलेल्या आकड्यांना अर्थ नाही. भर पावसात मात्र बॉक्स उघडायचे नाहीत.

डीबीतले सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी वर करत जा. बाहेरच्या दिव्यांच्या एमसीबीवर पडला तर फेजचा दोष. बाहेरचा एमसीबी खाली असताना टिकतो आणि घरातला एखादा जड भार लावताच पडतो, तर न्यूट्रलचा. मग मेन बंद करून, वायर मृत आहे याची दोन टोकांच्या टेस्टरने खात्री करून (निऑनच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर ओल्या जागी भरवसा ठेवू नये), न्यूट्रल लिंकवरची बाहेर जाणारी वायर सोडवा आणि घर पुन्हा चालू करून बघा. इथे एक अडचण हमखास येते: लिंकवरचा कुठला न्यूट्रल बाहेरचा, हे कोणालाच माहीत नसतं. एकेक सोडवून शोधावा लागतो. सापडला की लगेच त्याला खुणेची पट्टी लावा.

पंप विहिरीवर असेल तर त्याची वायरही याच वेळी सोडवून बघा. सबमर्सिबलच्या केबलचा पाण्यातला जोड हा दिव्यांइतकाच संशयित असतो.

घर शांत झालं की बाहेरच्या वायरिंगवर मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावायचा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. तो काही थोड्या व्होल्टवर मोजतो आणि ओल्या जोडाचा दोष इतक्या कमी दाबाला नेहमी दिसत नाही. मेगर ५०० व्होल्ट डीसीने मोजतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बोर्डावरून पूर्ण सोडवलेले हवेत, नाहीतर घरातल्या बाकी वायरिंगचा आकडा त्यात मिसळतो. दिवे शक्यतो सुटे करा. ते जमत नसेल तर फेज-न्यूट्रल एकत्र बांधून मेगरचं एक टोक त्यांना आणि दुसरं अर्थला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट गेले तर एलईडीचे ड्रायव्हर जातात.

चांगल्या कोरड्या वायरीचा आकडा शेकडो मेगाओहम येतो. १ मेगाओहम ही खालची मर्यादा धरतात. आरसीसीबी पडायला १५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे रोध साधारण १५ किलोओहमपर्यंत उतरलेला असतो. या दोन आकड्यांत किती अंतर आहे बघा. एखाद्या टप्प्याचा आकडा २ मेगाओहम आला तर आज काही होणार नाही, पण तिथे पाणी पोचलंय हे नक्की. तो टप्पा याच वर्षी उघडा.

आकडा कमी आला तर टोकापासून एकेक बॉक्स उघडत जाऊ नका. मधला बॉक्स उघडा, दोन्ही बाजू वेगळ्या करा, दोन्ही मोजा. वाईट निघालेल्या भागाचा पुन्हा मधला बॉक्स. आठ दिव्यांच्या रांगेत तीन वेळा उघडून दोष हाताशी येतो. दोन्ही अर्धे सारखेच वाईट निघाले तर वर सांगितलेली सगळ्यांनी भिजण्याची गोष्ट आहे असं समजा. आणि सगळं बरं दिसतंय पण तक्रार तर आहे, असं झालं तर मेगर लावलेला ठेवून, वीज अर्थातच बंद, झारीने एकेका दिव्यावर पाणी ओता. ज्या दिव्यावर ओतताना काटा खाली येतो तो तुमचा दिवा.

पाणी सापडतं त्या जागा

सर्वांत आधी जमिनीतले जोड. गडग्याच्या कडेने पाऊण इंची पाइप टाकलेला, त्यातून घरात वापरतात तीच साधी वायर ओढलेली, मध्ये कमी पडली म्हणून पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड. पाइप जमिनीत म्हणजे पाणी पाइपात, यात शंकाच धरू नका. सांध्यांतून नाही आलं तरी आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि सखल जागी साचतं. टेप पाण्याखाली काही आठवड्यांतच सुटते आणि ती वायर पाण्यात राहण्यासाठी बनलेलीच नसते. असा जोड दुरुस्त करू नका, काढूनच टाका.

मग ग्लँड. दिव्याच्या किंवा बॉक्सच्या तळाशी वायर आत जाते तिथली रबराची आवळपट्टी. ती गोल केबलसाठी असते. तिच्यातून तीन सुट्या वायरी घातल्या की कितीही आवळा, वायरींच्या मधली फट उघडीच राहते. दिवा आयपी ६५ चा (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याची प्रत) आणि वायरिंग अशी, म्हणजे त्या ६५ ला काही अर्थ उरला नाही. मी पाहिलेल्या भिजक्या दिव्यांत हा दोष सगळ्यांत जास्त दिसला आणि तो टाळायला खर्च जवळपास काहीच नाही. बाहेरचं आवरण असलेली गोल तीन पदरी केबल आणि तिच्या जाडीचा ग्लँड, बस.

फाटकाच्या चिरेबंदी खांबांवरचे दिवे वेगळं दुखणं घेऊन येतात. जांभा पाणी पितो. जुलैत तो खांब आतून गच्च ओला असतो आणि वायरीचा पाइप त्याच्याच पोटातून वर आलेला असतो. दिव्याच्या बुडाचे स्क्रू चिऱ्यात, पाणी स्क्रूवाटे बुडात. वरून कितीही झाका, हे पाणी खालून येतं. उपाय: दिव्याच्या बुडाखाली अर्धा इंच उंचवटा, पाइप चिऱ्याच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर काढलेला, खांबाच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार.

एप्रिल-मेच्या उन्हात गॅस्केटचं रबर कडक होऊन चिरा पडतात आणि लगेच जूनमध्ये त्याच्यावर पाऊस कोसळतो. चार-पाच वर्षांच्या दिव्याचं गॅस्केट न बघताच बदलायला हरकत नाही. किनाऱ्यालगत, मालवण-वेंगुर्ल्याकडे, खाऱ्या हवेने टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडतात. तिथे पितळी टर्मिनल आणि ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. जंक्शन बॉक्समध्ये मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी हा तर नेहमीचाच देखावा. मुंग्या माती आणतात, माती ओल धरते आणि दोन टर्मिनलांमध्ये पूल तयार होतो.

आता सिलिकॉनबद्दल, कारण भिजक्या दिव्यावर सगळे आधी तोच चोपडतात. चहूबाजूंनी सिलिकॉन भरला की पाणी यायचं पूर्ण थांबत नाही. दिवा श्वास घेतोच आणि दमट हवा आत ओढतोच. पण आत आलेलं पाणी बाहेर पडायचं भोक मात्र बुजतं. बऱ्याच दिव्यांच्या आणि बॉक्सच्या तळाशी असं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते बुजवू नका, कुंभारमाशीने मातीने बुजवलं असेल तर मोकळं करा. सिलिकॉन लावायचाच तर फक्त वरच्या आणि बाजूच्या कडेला. आणि व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार तांब्याजवळ वापरू नका. तो सुकताना आम्ल सोडतो आणि तांबं खातो. न्यूट्रल क्युअर लिहिलेला मागा.

पुन्हा बसवताना

दोष सापडल्यावर तेवढाच भाग नीट करून थांबायचं की सगळं नव्याने करायचं? जमिनीत साधी वायर आणि टेपचे जोड निघाले असतील तर माझं स्पष्ट मत आहे की सगळं नव्याने करा. एक जोड बदलला की पुढच्या वर्षी शेजारचा जातो आणि दर चतुर्थीला तीच धावपळ.

सुरुवात डीबीपासून. बाहेरच्या दिव्यांना घराच्या आरसीसीबीवरून पूर्ण तोडा आणि त्यांना स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा दुपदरी (डबल पोल) आरसीबीओ द्या, ६ किंवा १० अँपिअरचा. यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. बाहेर काहीही झालं तरी घरात दिवा राहतो, आणि दुपदरी असल्याने बंद केल्यावर न्यूट्रलही तुटतो. जमत असेल तर दोन घ्या: एक वाट, विहीर आणि गोठ्यासाठी, दुसरा फाटक, बाग आणि शोभेच्या दिव्यांसाठी. गरजेचे दिवे शोभेच्या दिव्यांच्या दोषाने जाऊ नयेत. असं वेगळं करताना न्यूट्रलही त्याच आरसीबीओतून न्यायला हवा. फेज नव्याचा आणि न्यूट्रल जुन्या लिंकवरचा राहिला तर दिवा लावताच दोन्ही पडतील आणि नव्या केबलमध्येच दोष आहे असं वाटत राहील.

घरात इन्व्हर्टर असेल आणि बाहेरचे दिवे त्याच्यावर असतील तर हा आरसीबीओ इन्व्हर्टरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या वायरीच्या तोंडाशी हवा. मीटरजवळचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या विजेला संरक्षण देत नाही, आणि आपल्याकडे पावसात महावितरणची वीज गेल्यावरच बाहेरचे दिवे जास्त लागतात. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी जोडलेला राहतो का, हे वायरमनकडून तपासून घ्या. तो तरंगता असेल तर आरसीबीओला गळती दिसत नाही.

केबल जमिनीतून न्यायची तर आर्मर्ड (आवरणात लोखंडी तारांचं चिलखत असलेली), तीन पदरी. छोट्या आवाराला १.५ चौरस मिलिमीटर पुरते, लांब वाडीला २.५ घ्या. दोन ते अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटा किंवा जुनी कौलं, त्यावर इशाऱ्याची पट्टी. कातळात एवढं खणता येत नसेल तर गडग्याच्या आतल्या अंगाने, जमिनीपासून फूटभर वर, क्लिपांनी पक्की करून न्या. डोळ्यांसमोर राहणारी केबल उथळ पुरलेल्या केबलपेक्षा कधीही बरी; माडाला आळं करताना कुदळ लागायची भीती नाही.

जमिनीत एकही जोड नको. केबल प्रत्येक खांबाशी वर आणायची, खांबाच्या आत किंवा शेजारी जमिनीपासून दीड फुटावर बॉक्स, तिथे जोड, आणि पुन्हा खाली उतरून पुढच्या खांबाकडे. केबल कायम तळातून आत, माथ्यातून कधीच नाही. भिंतीवरच्या दिव्याला वायर आत जाण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. जोडाला जेल भरलेले कनेक्टर मिळतात. ते आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी, यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

दिवा निवडताना आयपीचा दुसरा आकडा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याच्या साध्या झोताला तोंड देतो (चाचणीत मिनिटाला १२.५ लिटर), ६ म्हणजे जोरदार झोताला (मिनिटाला १०० लिटर), ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ मोठा म्हणून ६ पेक्षा सगळ्या बाबतीत चांगला असं नाही. बुडवण्याची चाचणी वेगळी, झोताची वेगळी. उघड्यावरच्या भिंतीला आणि खांबाला आयपी ६६ घ्या, पडवीच्या पाख्याखाली आयपी ४४ सुद्धा चालतो. जमिनीत गाडून बसवायचे, झाडावर उजेड टाकणारे दिवे मात्र कोकणात घेऊच नयेत असं मी सांगतो. जुलैत ते दिवसचे दिवस पाण्याखाली असतात. हट्टच असेल तर खाली फूटभर खडी भरून पाण्याला निचरा द्या.

बागेतल्या आणि वाटेवरच्या छोट्या दिव्यांसाठी कमी व्होल्टेजचा विचार जरूर करा. ड्रायव्हर पडवीत कोरड्या जागी, तिथून पुढे २४ व्होल्ट. ओल्या खळ्यात माणसाला धोका जवळपास राहत नाही आणि आरसीसीबी पडायचा प्रश्नच संपतो. १२ व्होल्ट घेऊ नका. ५० वॅटचे दिवे, २० मीटर अंतर, १.५ ची वायर धरली तर १२ व्होल्टवर ४.२ अँपिअर लागतात आणि जाऊन-येऊन ४० मीटर वायरीत २ व्होल्ट खर्च होतात; शेवटचे दिवे मलूल पडतात. २४ व्होल्टवर हीच तूट १ व्होल्टची, म्हणजे चार टक्के. जोड मात्र इथेही तितकेच पक्के हवेत. ओल्या जोडातून डीसी वाहत राहिली की धन बाजूचं तांबं झिजून हिरवी पूड होते, आणि आरसीसीबी पडत नसल्याने ते कळतही नाही.

उजेड किती हवा हेही आत्ताच ठरवा. वाट दिसायला गुडघ्याएवढ्या उंचीचा, खाली तोंड केलेला, ३००० केल्व्हिनपर्यंतचा पिवळसर दिवा पुरतो. पाय टाकायच्या जागी सापाचा आकार स्पष्ट दिसतो आणि डोळे दिपत नाहीत. माडावर बांधलेल्या पांढऱ्या फ्लड लाइटने पाखरं गोळा होतात, पाखरांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. शिवाय मे-जूनमध्ये काजवे ज्या झाडांवर जमतात तिथे रात्रभर उजेड टाकला तर ते एकमेकांचं लुकलुकणं ओळखू शकत नाहीत, जोडीच जुळत नाही. मोशन सेन्सर लावा आणि गरजेपुरतं पेटू द्या.

काही लहान तक्रारी

बटण बंद करूनही एलईडी मंद चमकत राहतो: बहुधा बटण न्यूट्रलवर बसलंय, किंवा बटणातला निऑन इंडिकेटर थोडासा प्रवाह सोडतोय. न्यूट्रलवरचं बटण तत्काळ फेजवर घ्या, कारण त्यात दिवा बंद असतानाही दिव्यात फेज असते.

डे-नाइट सेन्सर रात्री चालू-बंद करत राहतो: त्याला त्याच्याच दिव्याचा उजेड दिसतोय. तोंड फिरवा.

सोलरचे दिवे जून ते ऑगस्टमध्ये दोन तासांत विझतात: ढगांमुळे चार्जिंग होत नाही, बिघाड नाही. वाटेसाठी फक्त त्यांच्यावर विसंबू नका.

मृगाआधी दर वर्षी

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे बॉक्स उघडून मुंग्या झाडा, तळाची भोकं मोकळी करा, गॅस्केट दाबून बघा. आरसीबीओचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. मात्र त्याने फक्त आरसीबीओ चालतो हे कळतं, खांबापर्यंतची अर्थिंगची वायर जागेवर आहे का ते कळत नाही. ती प्रत्येक खांबाशी वेगळी मोजावी लागते. मेगरचे आकडे तारखेसह डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, टप्प्याटप्प्याने: डीबी ते फाटक, फाटक ते विहीर, विहीर ते गोठा. पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा एकदा मोजून शेजारी लिहा. ज्या टप्प्याचा आकडा २०० मेगाओहमवरून २० वर आला असेल तिथला बॉक्स उघडीप मिळताच उघडायचा, आरसीबीओ पडायची वाट न बघता.